फरशीवाल्याचे गुडघे

फरशीवाल्यानं चाळीस वर्षं लोकांच्या घरांत गुडघ्यांवर काढली. दोरी लावायची, लेव्हल बघायची, फरशी ठोकायची, पुढं सरकायचं. त्या सरकण्यातच गुडघ्यांची वाट लागली. पण माणूस एक नंबरचा अडेल. बायकोलाही पत्ता लागू दिला नाही. तेल चोळायचा तेसुद्धा न्हाणीघराची कडी लावून.

त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत मोडलेली भाकर, घ्यायचं ते वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून. मागच्या वर्षी तो असाच टेकला आणि उठेचना. दोघांनी बगलेत हात घालून पोत्यासारखा उचलला. पायाला मुंग्या आल्या म्हणून त्यानं वेळ मारून नेली. तेव्हापासून गडी मागच्या बाकावरून हलला नाही. पुढं भाकर मोडली जायची आणि हा जमिनीकडे बघत बसायचा. बायकोनं विचारलं तर म्हणाला, "मन तयार नाही माझं." झालं. याच्या मनात असं काय आहे जे देवापुढं नेववत नाही, याचा तिला घोर लागला.

त्यात नवे पाळकसाहेब आले. वय तिशीचं, पायांत कापडी बूट, प्रवचन वेदीच्या पायरीवर बसून, आणि पोरं त्यांना चक्क दादा म्हणायची. त्यांनी मंडळीच्या सभेत सुचवलं की यापुढं प्रभुभोजन उभ्यानंच घ्यावं.

फरशीवाल्याला आनंद मावेना. देवानंच वाट काढली होती. आता फक्त तोंड बंद ठेवायचं, एवढंच काम. पण तोंड कुणाचं? याचं. पाळकसाहेबांनी वयाचा मान म्हणून विचारलं, "काका, तुम्हाला काय वाटतं?" आणि हा सवयीनं बोलून गेला, "देवापुढं उभं राहायचं? तिकिटाची रांग आहे का ती? बापजाद्यांनी गुडघे टेकले, आम्हीही टेकणार."

म्हाताऱ्यांनी टाळ्या पिटल्या. सगळ्यांत जोरात शाळेच्या निवृत्त हेडबाईंनी. "ठीक आहे काका," पाळकसाहेब म्हणाले, "तुमचा शब्द मोडत नाही." घ्या आता. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. घरी जाताना लोक त्याची पाठ थोपटत होते आणि त्याला रडू येत होतं.

रविवारी तो परत मागच्या बाकावर. बायको पुढं जाऊन टेकली. आज त्यानं मान वर करून पाहिलं, तर तिच्या शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी. लोक दाटीवाटीनं टेकलेले, आणि ही पदर सावरायच्या निमित्तानं तेवढी जागा राखून बसलेली. वर्षभर ती हेच करत असणार, हे त्याला कळलं, आणि मग त्याच्यानं बसवेना. बाकांना धरत धरत तो कठड्यापर्यंत गेला आणि तिच्या शेजारी उभा राहिला.

"टेकता येत नाही मला," तो म्हणाला. हळू बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं, त्यामुळं ते सगळ्या चर्चला ऐकू गेलं. "गुडघे वाकत नाहीत. सभेत मी उगीच फुशारकी मारली."

कुणी हसलं नाही. मागून काठी टेकत हेडबाई आल्या आणि त्याच्या बाजूला उभ्या राहिल्या. "माझी कंबर दोन वर्षं धरलीय," त्या म्हणाल्या. त्यांच्यामागून आणखी तिघं आले. सगळे टाळ्या पिटणारे, आणि टेकता येणारं त्यांत एकही नाही.

बायकोनं खालून वर पाहिलं. डोळे भरलेले, पण जीभ शाबूत.

"एवढंच होतं होय?" ती पुटपुटली. "आणि मी वर्षभर ती कोण सटवी, ते शोधतेय."

पाळकसाहेबांनी ओठ घट्ट मिटून हसू आवरलं आणि भाकरीचा तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. वर्षभराची भूक होती ती. फरशीवाल्यानं सगळ्यांदेखत एक हुंदका दिला आणि उभ्या उभ्याच भाकर खाल्ली.