दीड मीटरचा पाया

मित्रांनो, मी पाच मीटरची एक जुनी पोलादी टेप आहे. कारखान्यात माझ्या पिवळ्या पट्टीवर बारीक रेघा उमटवल्या गेल्या. दहा मिलिमीटरचा एक सेंटिमीटर, शंभर सेंटिमीटरचा एक मीटर. एवढंच माझं शिक्षण.

एका गवंड्याने मला विकत घेतलं. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. "मिस्त्रीची भिंत म्हणजे आखलेली रेघ," अशी त्याची ख्याती होती. पण तो वाढला फूट-इंचांत. पाच फूट सहा इंच लिहायचे तर तो मधे ठिपका देऊन ५.६ लिही. ती सवय मीटर आल्यावरही गेली नाही.

टेकाडाची माती अडवायला खोल्यांच्या रांगेमागे एक उंच भिंत बांधायची होती. इंजिनियर साहेबांनी चिठ्ठी दिली: पाया, खोली १.५ मी. मिस्त्रीने वाचलं, एक मीटर पाच सेंटिमीटर. मला खड्ड्यात सोडून त्याने एकशे पाचच्या रेघेवर अंगठा दाबला आणि म्हणाला, "बास, खणणं थांबवा."

माती उपसणारी मावशी खड्ड्यात उभी होती. कडा तिच्या छातीलाही लागत नव्हती. ती म्हणाली, "मिस्त्री, एवढ्या उंच भिंतीला एवढासाच पाया? साहेबांना एकदा विचारा की."

"मावशी, टेप खोटं बोलते का?"

मी खोटं बोलले नव्हते. खड्डा एकशे पाचच होता. तो दीडशे हवा होता, हे सांगायला मला तोंड नव्हतं.

त्याच दुपारी काँक्रीट ओतलं. भिंत ओळंब्यात, सरळ उभी राहिली, साहेबांनी वरूनच पाहून पाठ थोपटली. तिच्या सावलीत त्या खोल्यांतल्याच एका शिंप्याने आपलं मशीन मांडलं. दोन वर्षं तो तिथे बसला. तिसऱ्या वर्षी आठवडाभर झड लागली, टेकाडाची माती फुगली. उघडीप मिळाली तशी शिंपी मशीन घेऊन बाहेर बसला आणि तासाभरात भिंत मुळासकट कलंडली. ढिगाऱ्याखाली शिंप्याचा देह सापडला, तेव्हा सदऱ्याची एक बाही त्याच्या हातात होती.

चौकशी झाली. मला टेबलावर ठेवलं होतं. अधिकाऱ्यांनी विचारलं, "एक पॉइंट पाच मीटर म्हणजे किती सेंटिमीटर?"

"एकशे पाच, साहेब," मिस्त्री लगेच म्हणाला. त्याला अजूनही तसंच वाटत होतं!

अधिकाऱ्यांनी मला ओढून त्याच्यापुढे धरलं. "ठिपक्यानंतरचा पाच म्हणजे पाच सेंटिमीटर नाही. मीटरचे दहा भाग केले, त्यातले पाच. म्हणजे अर्धा मीटर. एक मीटर पाच सेंटिमीटर लिहायचे तर १.०५ लिहितात."

मिस्त्रीने दीडशेच्या रेघेवर बोट ठेवलं. तिथून ते एकशे पाचपर्यंत मागे आणलं. मग तो खालीच बसला.

कोपऱ्यात शिंप्याची बायको उभी होती. ती हळूच म्हणाली, "भाऊजी, ह्यांना विचारायचं होतंत. जन्मभर मापंच तर घेत होते. सांगितलं असतं त्यांनी."

मित्रांनो, मला पुसून नाही ठेवलंत तरी चालेल, गंजले तरी चालेल. पण ठिपक्यानंतरचा आकडा सेंटिमीटर समजू नका, मीटरचे सेंटिमीटर करताना शंभराने गुणून पाहा. आणि खड्ड्यातून कुणी "एकदा विचारा की" म्हणालं, तर काँक्रीट ओतण्याआधी विचारा.