बाराव्या दिवशीचं विमान

कारखान्यात त्याला सगळे ‘गोदाम’ म्हणत. छपाईची यंत्रं जुळवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण नाव पडलं ते पोटावरून. ते ठेवलं होतं साहेबांनीच. तोही सगळ्यांबरोबर हसायचा. हसून सोसलेलं कुणाला दिसत नाही.

म्हणून वजन कमी करण्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा रजेच्या अर्जात त्याने ‘पित्ताचे खडे’ असं लिहिलं. खरं कळलं तर लोक म्हणणार, “तोंड आवरेना, म्हणून पोट कापून घेतलं.”

घरी सोडताना सर्जनबाईंनी बजावलं होतं, “चार आठवडे विमानात बसायचं नाही. त्यानंतरही मला दाखवल्याशिवाय नाही. या ऑपरेशननंतर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. तासन्‌तास एका जागी बसलं की धोका वाढतो. ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं.”

बाराव्या दिवशी साहेबांचा फोन आला. दूरच्या एका गिऱ्हाइकाचं यंत्र बंद पडलं होतं. पाच तासांचा विमानप्रवास होता.

“खडे काढलेली माणसं आठवड्यात कामाला लागतात रे. मीही येतोय बरोबर.”

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते ओठांवर आलं आणि परत फिरलं.

“येतो,” तो म्हणाला.

बायको त्याच्या शर्टांच्या घड्या घालत होती. “सर्जनबाईंना विचारलंत?”

“विचारलं. चालेल म्हणाल्या.”

“मी बोलू एकदा त्यांच्याशी?”

“माझ्यावर विश्वास नाही का तुझा?”

तिने शर्ट बॅगेत ठेवले.

विमानात तो खिडकीशी बसला. उठायचं तर साहेबांना उठवायला हवं, चिंचोळ्या वाटेतून अंग चोरत जायला हवं, लोक बघणार. म्हणून तो हललाच नाही. पुन्हापुन्हा उठावं लागेल म्हणून पाणीही टाळलं. उतरताना डावी पोटरी दगडासारखी घट्ट झाली होती. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तो मटकन खाली बसला.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, “ऑपरेशन कसलं झालंय?”

साहेब खाटेशेजारीच उभे होते. “पित्ताचे खडे,” तो म्हणाला.

डॉक्टरांचं समाधान झालं नाही. त्यांनी घरी फोन लावायला सांगितला. साहेबांनी तो लावून स्पीकरवर ठेवला.

“खडे नव्हते हो,” बायकोचा आवाज आला. “वजनाचं ऑपरेशन आहे. बाराच दिवस झालेत.”

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

पायात गुठळी सापडली. फुप्फुसापर्यंत पोचली नव्हती, एवढंच नशीब. रक्त पातळ करणारी औषधं लगेच सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी बायको आली. आधी तिने त्याच्या पायावरचं पांघरूण नीट केलं.

“शरीराची लाज वाटली तुम्हाला,” ती म्हणाली. “खोटं बोलायची नाही वाटली. लोकांनी हसू नये म्हणून जीव टांगणीला लावलात. तो जीव काय तुमच्या एकट्याचा आहे?”

“माझं चुकलं. तुझ्याशी खोटं बोललो, ते फार लागतंय मनाला.”

दारात साहेब उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. “वहिनी, खोटं बोलायची पाळी मी आणली त्याच्यावर,” ते म्हणाले.

सर्जनबाईंनी परवानगी दिल्यावर, दोन महिन्यांनी, तो कामावर गेला. डबा खायच्या सुट्टीत उभा राहून त्याने सगळं सांगितलं, बायकोशी खोटं बोलला तेसुद्धा. सांगताना कान तापले होते. कुणी हसलं नाही. पुष्कळांच्या माना खाली गेल्या.

नंतर पुस्तकबांधणीची यंत्रं बनवणाऱ्या विभागातल्या एक ताई हळूच आल्या. “माझ्या बहिणीचं हेच ऑपरेशन आहे. आम्ही घरात कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर पंधरा दिवसांनी ती विमानाने जाणार आहे.”

त्याने त्यांना बसवून घेतलं. “तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा. दर माणसागणिक मुदत वेगळी असते, ती त्यांनीच सांगायची. आणि ताई, घरात आजच सांगा.”

वाचकहो, उपचार घेण्यात लाज कसली? लाज वाटावी ती दुसऱ्याला हिणवणाऱ्या आपल्या जिभेची. तिच्या धाकाने माणसं दुखणं लपवतात, आणि लपवलेलं दुखणं जीव घेतं.