वसुधाचा गहू आणि सासऱ्यांचा युरिया

वसुधा सावंत मुलुंडच्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. यंदाच्या प्रदर्शनासाठी तिने गहू लावायचं ठरवलं. ऊन वाढलं आणि खत कमीजास्त झालं की दाण्याचं काय होतं, हे मुलांना दाखवायचं होतं. शाळेत जागा नव्हती, म्हणून नोव्हेंबरात तिच्या इमारतीच्या गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत पेरणी झाली. लाल फितीच्या डब्यांना खत अजिबात नाही, पिवळ्या फितीच्यांना बेताचा युरिया, हिरव्यांना दुप्पट. प्रत्येक रंगाचा एक डबा उघड्या उन्हात, एक टाकीच्या सावलीत.

तिची शाळा सकाळची, त्यामुळे पाणी घालायचं काम सासऱ्यांकडे आलं. सीताराम मूळचे मालवणकडचे. आधी कापडाच्या गिरणीत होते, मग एका कारखान्यात, आता पूर्णवेळ घरात. गव्हाशी त्यांचा संबंध चपातीपुरता, तोही भात नसला तर, नाइलाजाने.

जानेवारीत वसुधा गच्चीवर गेली आणि चक्रावली. खत न घातलेला लाल फितीचा गहू सगळ्यांत हिरवागार होता. तिने आधी फिती तपासल्या. मग मातीत बोट घातलं, तर वर पांढरे दाणे.

ती खाली आली. सीताराम पेपर वाचत होते, म्हणजे पेपरामागे होते.

"बाबा, लाल डब्यांना युरिया कोणी घातला?"

"थोडोसोच घातलंय."

"थोडासा? हिरव्यापेक्षा जास्त दिसतोय."

"अगो, पिवळी पडली होती ती रोपां. बाकीची पोटभर जेवतायत आणि ही आपली बघत बसलीत. माका काय ता बघवना."

"बाबा, त्यांना उपाशीच ठेवायचं होतं. तोच प्रयोग होता."

"मग प्रयोगच वाईट तुझो," सीताराम शांतपणे म्हणाले.

निलेश, त्यांचा मुलगा, बाहेरच्या खोलीतून हसला. "वसुधा, तुझा गहू नशीबवान. मी आठवीत असताना मला असं कोणी खत घातलं नाही."

पुन्हा पेरायला वेळ नव्हता. वसुधाने वर्गात सरळ सांगून टाकलं की प्रयोग बिघडलाय. मुलांना ते फारच आवडलं. जान्हवी नावाच्या मुलीने लाल डब्यांवर नवी चिठ्ठी चिकटवली: 'आजोबांच्या मायेचा डोस.'

फेब्रुवारीत, ओंब्यांत दाणा भरायच्या वेळेलाच, ऊन तापलं. पारा अडतिसावर गेला, रात्रीही गारवा नाही. लाल फितीच्या गव्हाला पानंच पानं, त्यामुळे तो पाणीही अधाशासारखा पीत होता. दुपारपर्यंत उन्हातला डबा माना टाकायचा. एका दुपारी वसुधा वर गेली, तर सीताराम स्टुलावर बसलेले आणि काळी छत्री गव्हाच्या डोक्यावर धरलेली. स्वतः उन्हात.

"बाबा, छत्री प्रयोगात नाही."

"मी काय प्रयोग करूक नाय. मी बसलंय."

"मग छत्री स्वतःवर धरा."

त्यांनी ती अर्ध्यावर आणली. त्यापुढे दोघांत तडजोड झाली नाही.

संध्याकाळच्या वाऱ्यात तो गहू आडवा झाला तो उठलाच नाही. ओंब्या वेळेआधी पांढऱ्या पडल्या. कापणी झाली तेव्हा भरघोस म्हणावं असं काडच निघालं आणि दाणे जिऱ्यासारखे सुरकुतलेले. बेताचं खत घातलेला सावलीतला डबा सगळ्यांत चांगला निघाला. उन्हात तेच खत घालूनही दाणा बारीकच राहिला.

सीतारामांनी मूठभर दाणे तळहातावर घेऊन चोळून पाहिले. "एवढा घातलंय मी तेंका," ते म्हणाले.

वसुधा शेजारी बसली. या वेळी तिला चिडवावंसं वाटलं नाही. "तुम्ही घातलं ते सगळं पानांनी खाल्लं, बाबा. दाणा भरायची वेळ आली तर उन्हाने सवडच दिली नाही."

प्रदर्शनात ते जान्हवीच्या टेबलाशी उभे राहिले आणि येईल त्याला स्वतःची चूक सांगू लागले, इतक्या हौसेने की जान्हवीला बोलायला मिळेना. परतताना रिक्षात त्यांनी विचारलं, "पुढच्या वर्षी कधी पेरूचो?"

"थंडी पडली की."

"आणि नायच पडली तर?"

 सिग्नल सुटल्यावर ती म्हणाली, "मग तेच मुलांना विचारू. युरियाची पिशवी मात्र माझ्या कपाटात राहील."

"ठेव," सीताराम म्हणाले. "भात पेरलंय तर मागीन."