चार बोटं उंच खुर्ची

मी कुणाचे आभार पटकन मानत नाही. आमचे हे म्हणतात, हिने आभार मानले तर पेपरात बातमी येईल. तर आज मानणार आहे, आणि सुरुवात एका खुर्चीपासून करणार आहे. हसायचं असेल तर आधीच हसून घ्या.

आमचा धंदा जुन्या सामानाचा. लोक घर बदलतात, म्हातारी माणसं जातात, ऑफिसं बंद पडतात, आणि मागे राहिलेलं लाकूड आमच्याकडे येतं. कपाटं, टेबलं, आरशाच्या चौकटी, दिव्याचे स्टँड. सुतारकाम ह्यांचं, पॉलिश आणि गादीकाम माझं, अशी तीस वर्षं वाटणी होती. दुरुस्त झालेला माल महिन्यातून एकदा जुन्या वस्तूंच्या बाजारात न्यायचा. मोठं मैदान, रांगेने तंबू, आणि दिवसभर 'हे खरंच जुनं आहे ना' हा एकच प्रश्न.

दोन वर्षांपूर्वी हे शिडीवरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, त्या डॉक्टरीणबाईंचं भलं होवो, पण डाव्या पायातलं बळ काही परत आलं नाही. काठी घेऊन चालायचे. बसायचेही. अडायचं ते उठताना. बसलेल्या माणसाला उठायला काय काय लागतं, हे ज्याचं कधी अडलं नाही त्याला कळायचं नाही. मी काखेत हात घालून उचलायची आणि हे तोंड फिरवून घ्यायचे. 'उठव' असं एका शब्दाने कधी म्हणाले नाहीत. महिनाभराने माझ्या लक्षात आलं की हे दिवसाचं पाणीच पीत नाहीत. प्यायलं तर उठावं लागेल, आणि उठायचं तर मला हाक मारावी लागेल. ओठ सुकलेले, आणि वर मलाच सांगतात, "तहानच नाही." मी समजावलं, भांडले, पेला आपटला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मग मी खुर्ची करायला घेतली.

एका बंद पडलेल्या वाचनालयाच्या मालात ती आली होती. सागवानी, दोन्ही बाजूंना हात, बसायला ऐसपैस. आणि तेच वाईट, कारण तिच्यात बसलेला माणूस खोल रुतायचा. मी स्प्रिंगा काढल्या, खाली फळी टाकली आणि वर काथ्या ठासून भरला. चारी पायांना खालून लाकडाचे तुकडे जोडून बैठक चार बोटं उंच केली. खुर्चीच्या हातांना पुढे जोड दिला, म्हणजे उठताना तळहात गुडघ्यांच्या पुढे टेकतील. करवत मी तोवर फक्त उचलून द्यायची. चालवायला पंचावन्नाव्या वर्षी शिकले. हे कॉटवरून शिकवायचे, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायचे. "करवतीला दाबू नकोस, तिची ती जाते." "सरस नीट तापलाय का? कोमट सरसाने काही चिकटत नाही." "डोळ्यांनी माप घेऊ नकोस, डोळे खोटं बोलतात." दोनदा मी करवत टाकून निघून गेले आणि दोनदा गुमान परत आले. पायांचे तुकडे सात वेळा बदलले. बोटभर कमी झालं तर उठता येईना, बोटभर जास्त झालं तर पाय लोंबकळायचे.

आठव्या खेपेला हे बसले, पाय मागे घेतले, हातांवर भार दिला आणि उभे राहिले. मी दोन पावलांवर पॉलिशचा बोळा हातात घेऊन उभी. काय करावं सुचेना, म्हणून समोरचं कपाट पुसत राहिले, ज्याला पुसायची काही गरज नव्हती. हे काठी टेकत आपले आपण स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडला. हे दोन पेले पाणी प्यायले. मी कपाटाच्या दारामागे तोंड घालून रडले.

म्हणून म्हणते, त्या खुर्चीचे माझ्यावर उपकार आहेत. जिथे हे, तिथे ती. टेम्पोत सगळ्यात शेवटी चढायची आणि सगळ्यात आधी उतरायची. आता आमच्या धंद्यात विकायच्या मालावर किमतीची चिठ्ठी असते आणि घरच्या वस्तूवर नसते, पण गिऱ्हाईक नेमकं बिनचिठ्ठीच्या वस्तूलाच हात लावतं. "ही केवढ्याला?" असं दिवसातून तीनदा तरी कुणी विचारायचं. हे बसल्या जागेवरून सांगायचे, "हिच्याबरोबर मीपण येतो. खायला बरंच लागतं मला, परवडेल का बघा."

गेल्या महिन्यातल्या बाजाराची गोष्ट. दुपारी मी चहा आणायला गेले. शेजारच्या घड्याळवाल्याला म्हटलं, ह्यांच्याकडे जरा लक्ष असू द्या. दोन कप घेऊन परत येते तर हे कपाटाला टेकून उभे, आणि खुर्चीची जागा रिकामी. गवतावर चार पायांच्या खुणा तेवढ्या होत्या.

"खुर्ची कुठंय?"

"दिली."

"दिली म्हणजे?"

"विकली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. एवढंच सांगते की घड्याळवाला उठून पलीकडच्या रांगेत काहीतरी बघायला निघून गेला.

माझी वाफ संपल्यावर हे म्हणाले, "एक मुलगी आली होती बापाला घेऊन. त्या बाकावर बसवलं होतं त्याला. मग काखेत हात घालून उचलायला लागली, आणि त्याने तोंड फिरवलं." मग म्हणाले, "सकाळपासून पाणी प्यायला नसेल तो."

"आणि तुमचं काय? तुम्ही कशात बसणार? म्हणजे पुन्हा माझ्या गळ्यात..." इथे मी जीभ चावली. ते वाक्य पुरं करायचं नाही एवढी अक्कल मला ऐन वेळी सुचली, त्याचेही आभार मानते.

"मी बसणारच नाही," हे म्हणाले.

संध्याकाळपर्यंत उभे राहणार होते म्हणे. मी धरून त्यांना मागच्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसवलं. ती चांगलीच ठेंगणी. "मी खुर्ची घेऊन येते. तोवर हलू नका."

"हलतोय कसला," हे म्हणाले.

ह्यांच्या खिशातले खुर्चीचे पैसे काढून मुठीत धरले आणि धावत सुटले. वाटेत वाक्य घोळवत होते: माफ करा, चूक झाली, ती खुर्ची विकायची नव्हती. साधं सरळ वाक्य. खोटंही नाही.

फाटकाबाहेर ती दोघं दिसली. मुलगी गाडीची मागची सीट पाडून जागा करत होती आणि बाप रस्त्याच्या कडेला आमच्या खुर्चीत बसला होता. उठायचा प्रयत्न करत होता. हात टेकले, ढुंगण जरा उचललं, बूट पुढे घसरले, बदकन खाली. पुन्हा तेच. मुलगी धावत आली, हात पुढे केले. त्याने मान दुसरीकडे वळवली.

मी तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "टाचा टेकत नाहीयेत."

"काय?" मुलगी म्हणाली.

"तुमच्या वडिलांच्या टाचा जमिनीला टेकत नाहीयेत. अशाने पैलवानसुद्धा उठणार नाही." तो माणूस आमच्या ह्यांच्यापेक्षा वीतभर बुटका होता. ती उंची ह्यांच्या गुडघ्याच्या मापाची. त्याला ती कशी जमणार? मी कोण, हे मग सांगितलं. म्हटलं, ही खुर्ची मी केलेली आहे.

म्हाताऱ्याने खुर्चीच्या हातावरून तळवा फिरवला. मग मुलीला म्हणाला, "राहू दे गं. त्यांची त्यांना परत देऊन टाक. मला तशी काही गरज नाही."

घ्या. आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन. मला मागावंसुद्धा लागलं नव्हतं. नुसतं 'बरं' म्हणायचं आणि खुर्ची उचलायची. पैसे तर मुठीतच होते. पण 'गरज नाही' म्हणतानाचा तो आवाज मी घरात महिनाभर ऐकला होता. तो ऐकून पुन्हा खुर्ची उचलायची? जनाची नाही तर मनाची तरी लाज हवी.

आणि हेही कळत होतं, की एकदा पाय कापले की ती खुर्ची आमच्या ह्यांची राहणार नाही. कापलेलं लाकूड वाढत नाही.

"दहा मिनिटं थांबा," मी म्हटलं.

आमच्या तंबूत आले तेव्हा हे ट्रंकेवर तसेच होते. माझे रिकामे हात ह्यांनी पाहिले, मग मी हत्यारांतून करवत उचलली तेही पाहिलं. विचारलं एवढंच, "किती?"

"दीड बोट."

"पट्टी ठेवून चारी पायांना खूण कर. डोळ्यांनी..."

"माहितीये हो."

घड्याळवाल्याने, देव त्याला सुखी ठेवो, आपलं टेबल रिकामं करून फाटकापर्यंत उचलून आणलं, कारण रस्ता काही सपाट नव्हता. खुर्ची टेबलावर उभी केली. दीड बोट जाडीची पट्टी शोधून तिच्यावर पेन्सिल आडवी धरली आणि चारी पायांभोवती फिरवली. मग खुर्ची उलटी करून कापायला घेतलं. पहिले दोन पाय सरळ गेले. तिसऱ्याला आधी जोडावरून अंगठा फिरवला. सात वेळा बदललेले तुकडे होते ते, एकेक ओळखीचा. मी करवतीला दाबलं नाही, तिची ती गेली.

कडा घासून खुर्ची खाली ठेवली. डुगडुगली नाही. म्हातारा बसला.

"पाय मागे घ्या. आणखी मागे. आता हात पुढे टेका. मान वर नको, पुढे, नाक गुडघ्यांच्या पुढे जाऊ दे. हां. आता उठा."

तो उठला. मुलीने सवयीने हात पुढे केले होते, तिला म्हणाला, "सरक." मग सरळ उभा राहून कोट नीट केला आणि मला विचारलं, "इथे बाथरूम कुठल्या बाजूला आहे हो?"

मी बोट दाखवलं. तो एकटा चालायला लागला. मुलगी माझे दोन्ही हात धरून आभार मानायला लागली. मी म्हटलं, "माझे नको मानूस आभार. मी परत न्यायलाच आले होते." तिला ते पटलं नाही. पटावं असं मलाही फारसं वाटत नव्हतं.

परत आले तेव्हा आमच्या तंबूत गर्दी होती. एक जोडपं आरशाची चौकट न्याहाळत होतं, एक बाई कपाटाचे खण उघडून वास घेत होत्या. हे ट्रंकेवर, सगळ्यांच्या गुडघ्यांच्या उंचीवर बसलेले.

"उठला?" ह्यांनी विचारलं.

"उठले. मुलीला सरक म्हणाले."

हे हसले. बऱ्याच दिवसांनी तोंडभर हसले. मी शेजारी टेकले आणि हळूच विचारलं, "खरं सांगा, का दिलीत? तुम्हाला किती लागते ती, हे तुमच्याहून जास्त कुणाला माहीत आहे?"

"मला काय," हे म्हणाले, "मला खुर्ची करणारी घरात आहे. त्याच्याकडे कोण आहे?"

तीस वर्षांत ह्यांनी माझ्या कामाला चांगलं म्हटलं नव्हतं. वाईट म्हटलं नाही म्हणजे चांगलं समजायचं, असाच कारभार. तेवढ्यात खणवाल्या बाईंनी विचारलं, कपाट खरंच जुनं आहे का, म्हणून उठले आणि त्यांच्याशी बोलायला लागले.

मागून हाक आली. "अगं ए."

वळून पाहिलं. हे माझ्याकडे हात करून बसले होते, तंबूतल्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, चांगला लांब केलेला हात. डोळे माझ्यावर.

"हात दे," हे म्हणाले. "उठव मला."

मी हाताला लागलेला भुसा झटकला आणि हात दिला. नवी खुर्ची व्हायला मला तीन आठवडे लागले. पण त्या दिवशी बाजार उठेपर्यंत ह्यांनी मला सहा वेळा हाक मारली. सहाही वेळा मी कटकट करत आले आणि सहाही वेळा मनात म्हटलं, बरं झालं.