न्यायाधीशांचा दिवाणखाना

धाकट्याने भाड्याने घेतलेल्या घरात भिंती होत्या, छत होतं आणि एक खिळा होता. खिळा आधीच्या भाडेकरूने मागे ठेवला होता, त्यामुळे घर अर्धंअधिक सजलेलंच आहे असं धाकटा धरून चालला होता.

ताई तसं धरून चालणारी नव्हती. तिची बदली झाली होती, आणि बाबांना सोबत न्यायचं की धाकट्याकडे ठेवायचं, हे ती रविवारी घर बघून ठरवणार होती. बाबांना माणसाच्या घरात ठेवायचंय, गोदामात नाही, असं तिने फोनवर बजावलं. धाकट्याला बाबा हवे होते. आई गेल्यापासून ते ताईकडे होते आणि धाकट्याच्या वाट्याला त्यांचा फक्त फोनवरचा खोकला यायचा. पण खिसा असा, की पडदा घ्यावा तर दांडी परवडत नव्हती.

धाकटा एका नाटक कंपनीत सेट रंगवायचा. त्याच आठवड्यात तिथलं एक नाटक बंद पडलं, कारण प्रेक्षकांपेक्षा रंगमंचावरच जास्त गर्दी होऊ लागली होती. सेट भंगारात निघाला. मी नेऊ का, असं धाकट्याने विचारलं. व्यवस्थापक म्हणाला, ने, पण परत आणू नकोस.

शनिवारी धाकट्याच्या खोलीत एका निवृत्त न्यायाधीशांचा दिवाणखाना उभा राहिला. कायद्याच्या जाडजूड पुस्तकांचं कपाट. बागेकडे उघडणारी खिडकी आणि तिच्यात कायमचं कोवळं ऊन. रुबाबदार सोफा. आणि पितळी मुठीचं एक भारदस्त दार, ज्यातून न्यायाधीश दर अंकात रागावून निघून जात. सगळं फक्त पुढून. मागे प्रेक्षक बसत नाहीत, म्हणून मागे काही नव्हतंच. पुस्तकं आणि बाग कापडावर रंगवलेली, सोफ्याची पाठ पुठ्ठ्याची, आणि दारापलीकडे टेकूंसाठी सोडलेली हातभर फट, मग खरी भिंत.

पण सेट रंगवणारा माणूस ब्रश चालवतो तो लांब बसलेल्यांच्या डोळ्यांसाठी. जवळून ती पुस्तकं चिखलात पडलेल्या विटांसारखी दिसत होती, आणि बाग तर कुणीतरी पालेभाजी सांडल्यासारखी. धाकटा मागे मागे सरकत गेला. खोली संपली, उंबरठा संपला, जिन्यासमोरची मोकळी जागा संपली आणि त्याची पाठ समोरच्या काकूंच्या दाराला टेकली. तिथून मात्र घर राजेशाही दिसत होतं.

उद्या तुमच्या दारात दोन खुर्च्या टाकू का, असं त्याने काकूंना विचारलं. काकूंनी कारण ऐकून घेतलं आणि तिसरी खुर्ची स्वतःसाठी टाकली.

रविवारी ताई आणि बाबा जिना चढून आले. धाकट्याने त्यांना आत नेण्याऐवजी खुर्च्यांवर बसवलं आणि आपलं दार सताड उघडलं. ताई गप्प झाली. हे दृश्य घरात क्वचितच कुणी पाहिलं होतं. एवढं सगळं आणलंस कुठून, असं तिने हलक्या आवाजात विचारलं, तर काकूंनी तिला शांत बसण्याची खूण केली.

इथवर बेत सुरळीत होता. पण बाबांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या, हे धाकटा विसरला होता. झाकणं उघडण्यात हयात गेलेला माणूस लांबून काहीच बघत नाही. बाबा उठले, आत गेले, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि कपाटातलं पुस्तक काढू लागले. बोटं कापडात रुतली. मग ते वाकून सोफ्यामागे गेले आणि दिसेनासे झाले.

"इथे मागे काहीच नाही," त्यांचा आवाज आला. खजिना सापडलेल्या माणसाचा असतो तसा.

ताई तावातावाने आत आली, सोफ्यावर बसून मागे टेकली, आणि सोफ्याने तिला आडवं केलं. उठल्यावर तिने निकाल दिला. बाबा माझ्याबरोबर येणार. ह्याच्याकडे घर मागितलं, तर ह्याने घराचं चित्र काढून दाखवलं. एवढं बोलून ती तरातरा निघाली ती थेट भारदस्त दारातून. दार मागे धाडकन लागलं.

ताई कुठे गेली हे ताई सोडून सगळ्यांना माहीत होतं, आणि क्षणभराने तिलाही कळलं असावं. पण रागावून गेलेल्या माणसाला लगेच परत येता येत नाही. ताई आतच उभी राहिली.

बाबा दाराजवळ गेले. आधी त्यांनी बिजागऱ्या निरखल्या. चांगल्या होत्या. मग ते दाराशी बोलू लागले.

"ताई, तुझ्या घरात सगळं चालतं गं."

दारामागे एक टेकू करकरला.

"बेल वाजते, गिझर तापतो. मिक्सर एकदाच उघडला, तर तू त्याला चिकटपट्टी गुंडाळलीस. मला करमत नाही तिथे. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही इतकंच."

"आणि इथे काय आहे?" दारामागून आवाज आला. "इथे काहीच नाहीये, बाबा."

"तेच तर म्हणतोय. सगळंच करायचंय."

बऱ्याच वेळाने मूठ फिरली आणि ताई बाहेर आली. केसांत जळमट, खांद्यावर चुना. खरा पलंग ती पाठवणार होती, गादीसकट. सोफ्याला खरी पाठ लागायला हवी होती. आणि बाबांच्या गोळ्या त्या कपाटात ठेवायचा प्रयत्न कुणी करायचा नव्हता. धाकटा प्रत्येक वाक्याला मान डोलावत राहिला.

"आत कसं आहे?" बाबांनी विचारलं.

ताईला सांगायचं नव्हतं, पण राहवेना. परत आल्यावर काय बोलायचं ते न्यायाधीश झालेल्या नटाने दाराच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. आणि त्याच्याखाली, वेगळ्या अक्षरात, कुणीतरी त्याला उत्तर दिलं होतं.

"काय उत्तर?"

"अंधार आहे हो आत. खालचं अक्षर लागलं नाही."

बाबांनी धाकट्याकडून टॉर्च मागून घेतला, आत शिरले आणि दार ओढून घेतलं. न्यायाधीशही ते दार लावूनच वाचत असणार. ताई आणि धाकटा सोफ्याच्या कडेला, पाठ ताठ ठेवून, शेजारीशेजारी बसले आणि दाराकडे बघत राहिले.