टेबलाखालच्या डब्याचं म्हणणं

मेघना गेल्याची बातमी आली त्या दिवशी तिचा नवरा बुद्धघोष माझ्या पडद्यावर फडकं मारत होता आणि आपण संगणक पुसतोय अशा समजुतीत होता. रविवार होता, शाळेला सुट्टी होती. मेघना सकाळीच बारामतीला भावाकडे गेली होती. जाताना "तेवढी धूळ पुसा, उद्या बायका यायच्यात" असं बजावून गेली होती. फोन वाजला. तिचा भाऊ गंगाराम बोलत होता. छातीत दुखतंय म्हणाली, दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं. बुद्धघोषने फडकं कीबोर्डवर ठेवलं आणि तो तसाच निघाला. फडक्याखाली एक बटण दाबलं गेलं होतं. वीज जाईपर्यंत मी एकच अक्षर उमटवत बसलो. मला बंद करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मी संगणक बोलतोय. पडदा म्हणजे मी नव्हे. तो बिचारा मी सांगतो तेवढंच दाखवतो. मी म्हणजे टेबलाखालचा पत्र्याचा डबा, ज्याच्यावर लोक पाय ठेवून बसतात. निमगाव केतकीतल्या या घरात मला बरीच वर्षं झाली, पण येणारा प्रत्येक जण अजून पडद्याकडे बोट दाखवून "कॉम्प्युटर भारी हाय" म्हणतो. माणसाला जे चमकतं तेच कळतं.

बारामतीच्या एका दुकानात चार ठिकाणचे भाग जोडून मला उभं केलं. दुकानदार म्हणाला, "सर, यात सगळं येतं." काय येतं, ते बुद्धघोषने विचारलं नाही. हायस्कूलमध्ये इतिहास शिकवणारा माणूस. सगळ्या लढायांच्या तारखा तोंडपाठ, पण मला बंद करायचं तर सरळ भिंतीवरचं बटण दाबायचा.

"अहो, आधी त्याला सांगा तरी बंद करतोय म्हणून!" मेघना ओरडायची. "शिकून घ्या ना जरा."

"मला काय करायचंय शिकून? तू हाईस की," असं म्हणून तो पेपर तोंडापुढे धरायचा.

मग मेघनाने पुढच्या खोलीत बायकांचा वर्ग काढला. कुणाला सातबारा बघायला शिकायचं होतं, कुणाला पुण्यातल्या लेकीशी पडद्यावर बोलायचं होतं, आणि कुणाला नुसतंच तासभर घराबाहेर पडायचं होतं. त्या वर्गात माझी जी विटंबना झाली तिला तोड नाही. कुशाबाईने माऊस सरकवत सरकवत टेबलाच्या कडेला नेला.

"बाई, बाण अजून कोपऱ्यात पोचला न्हाय आन हितं टेबल सपलं. आता वं?"

"उचला आन परत मधी ठिवा."

"उचलल्यावर बाण पडायचा न्हाय न्हवं?"

"पडला तर मी धरते पदरात," द्वारकाबाई म्हणाली. सगळ्या हसल्या. पुढचा अर्धा तास काही झालं नाही.

मेघना मात्र रागवायची नाही. ती उपमा द्यायची. ऑपरेटिंग सिस्टम म्हणजे काय, तर एसटी स्टँडवरचा कंट्रोलर. गाडी त्याची नाही, प्रवासी त्याचे नाहीत, पण कोणती गाडी कुठल्या फलाटाला लावायची हे तोच सांगणार, आणि तो जागेवर नसला की स्टँडवर नुसता गोंधळ. रॅम म्हणजे आठवडी बाजाराचं मैदान. बाजार भरतो तेव्हा पाय ठेवायला जागा नसते, उठला की मागे काही राहत नाही. हार्ड डिस्क म्हणजे घर. घेतलेला माल घरी नेऊन ठेवला तरच तो आपला. त्या नेऊन ठेवण्याला सेव्ह म्हणायचं.

मला बाजाराचं मैदान म्हटलेलं मुळीच आवडलं नाही. पण चूक काढायला गेलो तर सापडली नाही.

हे सगळे शब्द ती संध्याकाळी लिहून ठेवायची. बायकांना वाटायला पुस्तिका काढायची होती. एकच फाईल, आणि ती डेस्कटॉपवर, म्हणजे मला सुरू केलं की पडद्यावर सगळ्यात आधी दिसतं तिथं. दुसरी प्रत नाही. जगाला शहाणपण शिकवणारे स्वतःच्या बाबतीत असेच असतात.

ती गेल्यावर खोलीचं दार लागलं. महिने गेले. एका पालीने माझ्यामागे संसार थाटला. त्या काळात मला भेटलेला तो एकमेव प्राणी, ज्याने मला पडदा समजण्याची चूक केली नाही.

पहिला स्मृतिदिन जवळ आला तेव्हा कुशाबाई आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. "सर, बाईंनी आमच्यापायी शब्द लिवून ठिवलं व्हतं. तेवढं छापून वाटा की त्या दिवशी. आमी इसराय लागलोय वो."

बुद्धघोषने मला सुरू केलं. मी सुरू झालो, निळा पडलो, बंद झालो, परत सुरू झालो. दिवसभर तेच. खरं तर रॅमच्या पट्टीवर धूळ आणि गंज चढला होता, बाकी काही नाही. पण मी बोलत नाही आणि ही माणसं बघत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऋषिराज आला. गावातले सगळे संगणक हाच दुरुस्त करतो. सर्दी असो की हाड मोडलेलं असो, याचं औषध एकच.

"सर, विंडोज मारायला लागंल."

म्हणजे ऑपरेटिंग सिस्टम पुसून नवी बसवायची. एकाच डिस्कमध्ये भिंत घालून दोन खोल्या केलेल्या असतात, सी आणि डी. ऑपरेटिंग सिस्टम सीमध्ये राहते. तीच पुसायची म्हणजे सी रिकामी करायची.

"डीला मी हात लावत न्हाय," ऋषिराज मोबाइलमध्ये बघत म्हणाला. "सीमधलं तेवढं जाईल. काय ठिवलंय का?"

"एकच फाईल आहे. समोरच असते, चालू केलं की दिसते."

"मग काय टेन्शन?"

समोर दिसतं म्हणजे सुरक्षित आहे, ही या लोकांची जुनी समजूत. डेस्कटॉप सीमध्येच असतो. ऋषिराजला ते माहीत होतं, फक्त त्याचं लक्ष नव्हतं. बुद्धघोषचं लक्ष होतं, पण त्याला माहीत नव्हतं. आणि या दोघांच्या मधे ती फाईल. ऋषिराजने पेनड्राइव्ह लावला. सी पुसायची का, असा पडद्यावर प्रश्न आला. त्याचं बोट बटणावर गेलं.

"करू, सर?"

"कर." मग लगेच, "थांब. समोर म्हणजे ओटा ना?"

"कसला ओटा?"

"ती बायकांना सांगायची. डेस्कटॉप हा सीच्या घराचा ओटा. घर पाडलं की ओटाही जातो आणि ओट्यावर मांडलेलंही जातं."

ऋषिराजने मोबाइल खाली ठेवला. "व्हय, सर. बराबर हाय."

"मग मघाशी का नाही बोललास?"

"तुमी ईचारलं न्हाय."

मी थक्क झालो होतो, पण ऋषिराजमुळे नाही. हा इतिहासाचा मास्तर एवढी वर्षं त्या खोलीत पेपरामागे बसून वर्ग ऐकत होता. हे त्याने तिला सांगितलेलं मी तरी कधी ऐकलं नाही.

डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावावी आणि फाईल वाचवावी म्हणून ऋषिराजने माझं झाकण उघडलं. आता उघडलंच आहे तर म्हणून रॅमची पट्टी काढली, खोडरबराने घासली, परत बसवली. मी पहिल्या झटक्यात सुरू झालो. जे आधी करायचं ते सगळ्यात शेवटी, ही यांची पद्धतच आहे. फाईल जागेवर होती. बुद्धघोष बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. उघडायला त्याला ऋषिराजची मदत लागली.

"सर, दुसरी प्रत काढून ठिवा. डिस्क जुनी हाय, आवाज ऐका तिचा."

"काढतो."

स्मृतिदिन होऊन गेला. विहारात बायका जमल्या, वंदना झाली. वाटायला पुस्तिका नव्हती; छापायला द्यायची तर फाईलची प्रत लागते, आणि ती काढलीच नव्हती. कुशाबाईने विचारलं नाही. बुद्धघोष आता रोज संध्याकाळी मला सुरू करतो, फाईल उघडतो, चार ओळी वाचतो आणि काहीही बदललेलं नसताना सेव्ह दाबतो. सेव्ह दाबला की दोन प्रती होतात असं त्याला वाटत असावं. मग मला रीतसर सांगून बंद करतो. तेवढं त्याला आता येतं.

तुमच्यापैकी कुणी निमगाव केतकीला येणार असेल तर त्याला सांगा. माझं तो ऐकत नाही. डिस्क रोज थोडी जास्त खरखरते. नवा पेनड्राइव्ह त्याने आणलाय, तो वेष्टनासकट टेबलावर पडून आहे. प्रत अजून काढलेली नाही.