तिसऱ्या क्रमांकाचा प्रश्न

अकरा वाजून चार मिनिटांनी लोकसभा तहकूब झाली होती आणि खुर्चीवर उभ्या ठेवलेल्या मोबाइलमध्ये आता संसद भवनाचे एक निश्चल चित्र उरले होते. समाजमंदिरात जमलेले सारे गाव त्या चित्राकडे अजूनही पाहत होते. दगडी खांबाला नायलॉनच्या दोरीने बांधलेल्या वनरक्षक प्रणितचा श्वास तेवढा ऐकू येत होता. वनखात्यावरच्या रागाने गावाने त्याला पहाटे गस्तीवर असतानाच धरून आणले होते.

गुणवंतराव सर्वांत पुढे बसला होता. त्याने नाहीदकडे मान वळवली.

"काऊन बंद झालं, बाई?"

नाहीद आरमोरीच्या खासदार संपर्क कार्यालयात काम करी. गावाभोवती फिरणाऱ्या वाघाला जेरबंद करण्याची परवानगी कुठे अडली आहे, हा प्रश्न तिनेच खासदारांसाठी लिहिला होता. लोकसभेतल्या प्रश्नांच्या सोडतीत तो निघाला आणि सोमवारच्या यादीत तिसरा लागला. तो सोमवार यायच्या आधीच बोडीच्या तळ्यावर पाणी भरायला गेलेल्या सोमारीला वाघाने मानेत धरून मारले होते. भाले घेऊन निघालेल्या गावाला नाहीदनेच अडवले. तिच्या शब्दावर ग्रामसभेने ठराव केला: सोमवारी प्रश्न होईपर्यंत कोणी जंगलात शिरायचे नाही.

गावाने ठराव पाळला. वाघाने नाही. शनिवारी भर दुपारी गुणवंतरावची सून रंभा स्वतःच्या धुऱ्यावर धानाचे भारे बांधत होती. तिचा हात विळ्यासकट बांधावर मिळाला. उरलेली रंभा कापलेल्या धसकटांवर रक्ताची रुंद रेघ ओढत पळसांच्या आत गेली होती.

"गोंधळ झाला, भाऊ," नाहीद म्हणाली. "दोन वाजता फिरून बसतीन."

"मंग दोन वाजता इचारतीन?"

"नाई. प्रश्नाचा तास अकरा ते बारा. तो गेला."

"अन् आपला प्रश्न?"

"लेखी उत्तर देल्लं त्याईनं." तिने वाचले, "'माहिती संकलित करण्यात येत आहे.'"

मागून कोणीतरी हसले. "घ्या! आता वाघाचीच सही बाकी असन!"

हसणे भिंतींना आपटून विझले. गुणवंतराव हसला नव्हता.

"आमची ग्रामसभा तहकूब झाली त फिरून बसल्यावर तोच विषय पयले घेते. मानसं कमी असली तरी घेते. एवढ्या मोठ्या घरात हे काऊन नाई?"

संसदेच्या कामकाज सुधारणेसाठी नाहीदने खासदारांच्या नावाने लोकसभेच्या समितीकडे चार पानी टिपण धाडले होते: बैठकांच्या तारखा वर्षाच्या आरंभीच ठराव्यात, बुडालेला तास त्याच संध्याकाळी भरून निघावा, राहिलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी पहिला यावा. सबंध टिपणाचा गाभा या माणसाने एका दमात सांगितला होता.

"हेच लिहून पाठोलं मी, भाऊ. बदलन हे."

"कवा?"

"समिती बसन, मंग..."

तिचे वाक्य पुरे झाले नाही. सोमारीचा नवरा कोलू उठला, त्याने दाराशी टेकलेली बंडीच्या कडेची जाड लाकडी उभारी उचलली आणि प्रणितच्या गुडघ्यावर घातली. वाळका बांबू फुटावा तसा आवाज झाला.

"मीनं तीनदा अर्ज धाडला रे!" प्रणित किंचाळला. "मले मारून वाघ भेटन का?"

दुसरा घाव तोंडावर बसला. रक्तात भिजलेले दोन दात फरशीवर पडले. आता इतरही उठले. लाथा, काठ्या, चपला, आणि त्यांच्याखाली एक खाकी गाठोडे, जे प्रत्येक आघातासरशी लहान होत होते. नाहीद त्या गर्दीत घुसली आणि प्रणितवर आडवी पडली. उभारीचा तिसरा घाव तिच्या मनगटावर उतरला. हाड तुटल्याचे तिला आधी ऐकू आले, दुखले नंतर.

कोलू थबकला. उभारी त्याच्या हातातून गळाली.

गुणवंतरावने कुऱ्हाडीने दोरी तोडली. प्रणित त्याच्या पायांवर कोसळला.

"याले दवाखान्यात न्या. बाईलेही." मग तो गावाकडे वळला. "सोमवार आला. ठराव सरला."

एकेक करून भाले, कुऱ्हाडी भिंतींपासून सुटू लागल्या. नाहीद खांबाला पाठ टेकून उठली. तुटलेला हात तिने ओढणीत धरला होता.

"भाऊ, मी फिरून प्रश्नाची नोटीस देतो. पंधरा दिवस लागतीन. तुमी आत गेले त वाघ मरन, नाईत तुमच्यातलं कोनी. एक डाव अजून थांबता का?"

गुणवंतराव तिच्या हाताकडे पाहत राहिला. मग कुऱ्हाड खांद्यावर टाकून तो पायऱ्या उतरला आणि पळसांच्या दिशेने चालू लागला.